मंगळवारी कापलेलं गवत

आमच्या या लहानशा जर्मन गावात गवत कापायचा वार शनिवार. आज मंगळवार, आणि सकाळपासून चहूकडून यंत्रांची घरघर येतेय. खिडकीतून शेजारचे क्लाउस दिसतात. ऐन कामाच्या वेळी घरातल्या चपला घालून गवत कापताहेत. कालही कापलं होतं.

इथल्या मोटारींच्या कारखान्यातला एकेक विभाग बंद होतोय; क्लाउसचाही झाला. बाकी सगळं तयार आहे, फक्त नखाएवढे लोहचुंबक चीनहून येत नाहीत. एवढ्याशा तुकड्यांवर अख्खं गाव टांगलेलं होतं, हे मला ठाऊकच नव्हतं.

"तिकडे स्वस्त मिळायचं, म्हणून आम्ही बनवायचंच सोडलं," क्लाउस काल कुंपणापाशी म्हणाले.

"आता इथेच बनवणार आहेत ना?"

"बनवतील. पण काही वर्षं जातील."

"आणि तोवर?"

त्यांनी यंत्र पुन्हा सुरू केलं.

तेव्हापासून ही घरघर ऐकली की मी हातातलं काम टाकून खिडकीशी येते. घाबरलेली माणसं रडतात, भांडतात, एवढंच मला माहीत होतं. इथे ती गवत कापतात. खालची माती दिसायला लागली तरी कापतात. माझा नवरा त्याच कारखान्यात आहे, आणि आमचं इथलं राहणं त्याच्या नोकरीवर. त्याला अजून सवड नाही, म्हणून आमचं गवत गुडघ्याला लागतंय. त्या माजलेल्या गवताकडे पाहिलं की मला धीर येतो.

फाटक वाजलं. हा आत्ता घरी कसा?

भरलेला डबा तसाच टेबलावर ठेवून तो म्हणाला, "क्लाउसकडून जरा ते यंत्र मागून आणतो."