टाकीच्या सावलीतली माणसं

ऑफिसात सगळे तिला मोजणीबाई म्हणत. खरं नाव हजेरीपटावर होतं आणि ते हजेरीपटालाच ठाऊक होतं. शहराच्या बससेवेत एकोणतीस वर्षं तिने एकच काम केलं, थांब्यावर उभं राहून माणसं मोजली. उजव्या मुठीत मावेल एवढं यंत्र, अंगठ्याने दाबलं की टक् व्हायचं आणि आकडा एकाने पुढे सरकायचा. अंगठ्याला घट्टा पडला होता. घरी नुसती बसली तरी तो हलायचा.

"आता काय मोजतेस?" नवरा विचारायचा.

"तुमची वाक्यं. आज सकाळपासून चार झाली."

काम कंटाळवाणं आहे, असं लोकांना वाटे. लोकांना काय वाटतं हे ऐकत बसायला तिला वेळ नव्हता. अंगठा ऑफिसचा होता, पण मन तिचं स्वतःचं होतं. ही पेटी घेऊन निघालेली बाई कुठे उतरेल? हा बूट चकचकीत करून आलेला म्हातारा कुणाला भेटायला निघाला असेल? टक्. टक्. माणूस बसमध्ये चढून दिसेनासा व्हायचा आणि ही मनातल्या मनात त्याच्याबरोबर शेवटच्या थांब्यापर्यंत जाऊन यायची. अशी ती रोज हजारभर घरांच्या दारापर्यंत गेली असेल, आणि तेही जागची न हलता.

आकड्यात मात्र एकाचीही लबाडी नाही. बारा वर्षांपूर्वी काही मोजणीदार समोरच्या चहावाल्याकडची गिऱ्हाइकंही प्रवाशांत घालून कागद भरत, तेव्हा तिनेच नियम लिहून दिला होता: दर पाव तासाला घड्याळ बघायचं, आणि त्या ठोक्याला थांब्याच्या खांबापासून पाच पावलांच्या आत जो उभा असेल, तोच प्रवासी. साहेबांनी त्यावर सही केली आणि तो नियम छापील तक्त्यावर गेला. त्याचा तिला अभिमान होता, आणि तो ती लपवतही नसे.

निवृत्तीला दोन महिने राहिले होते, त्या सुमारास ऑफिसच्या लांबट खोलीत भविष्य येऊन बसलं. म्हणजे पुढच्या तीस वर्षांचा आराखडा. शहर चहूकडे पसरत होतं; कालची मोकळी माळरानं आज खिडक्यांनी भरलेली. आराखडेवाले म्हणून जे नवे साहेब आले होते, त्यांनी संगणकावर सगळं केलंच होतं, पण वरिष्ठांना पडद्यावरची रेघ दिसते आणि पटत नाही, म्हणून त्यांनी पूर्ण भिंतभर नकाशा चिकटवला. प्रत्येक थांब्याला टाचणी लावली आणि टाचणीपासून टाचणीपर्यंत लोकरीचा धागा ओढला. जिथे माणसं जास्त तिथे चार पदरी, कमी तिथे एक पदरी. निळा धागा बसचा, तांबडा रुळांवरच्या गाडीचा, हिरवा नदीवरच्या होडीचा.

मोजणीबाई जेवणाच्या सुट्टीत डबा आवरून तिथे जाऊन उभी राहायची. धाग्यावर बोट ठेवायची आणि निघायची. नदीकाठच्या हिरव्या धाग्यावरून होडी अगदी आवाज न करता सरकायची. तांबड्या धाग्यावरची गाडी घराघरांच्या गच्च्यांशेजारून जायची आणि वाळत घातलेल्या चादरी तिच्या वाऱ्याने फुगायच्या. त्या शहरात कुणी धावत नव्हतं, कारण कुणाची गाडी चुकत नव्हती. तीस वर्षांनी ती असेल-नसेल. पण या सगळ्या धाग्यांत तिचे आकडे विणलेले होते, आणि तेवढ्यावर ती खूश होती.

रविवारी वन्सं आल्या. नवऱ्याची ही थोरली बहीण डोंगरउतारावरच्या वस्तीत, पाण्याच्या उंच टाकीजवळ, एकटी राहायची. एक खोली, एक शिलाईयंत्र आणि खिडकीतून दिसणारं अख्खं शहर. रोज बसने खाली बाजारातल्या दुकानात कपडे उसवायला-शिवायला जायची. चप्पल काढता काढताच तिने तोंड सुरू केलं.

"वहिनी, आमची बस तुमच्या आराखड्यात नाहीच म्हणे. कंडक्टर सांगत होता. वर्षभरात बंद."

"कंडक्टरला काय कळतंय, वन्सं?"

"त्याला नाही कळत, तुम्हाला तरी कळतंय का? तीसेक माणसं असतो आम्ही रोज सकाळी. माझे हे गुडघे. तो चढ काही मी चालत चढणार नाही. बस बंद झाली की शिलाईयंत्र डोक्यावर घेऊन सरळ इथेच येते. ती खिडकीजवळची जागा माझी. आत्ताच सांगून ठेवते."

नवऱ्याने वर्तमानपत्र थोडं आणखी वर धरलं. मोजणीबाईने हसून घेतलं. पण चहा घेता घेता वन्संनी नजरेनेच त्या जागेचं माप घेतलं, ते तिने पाहिलं. जन्मभर कुणाच्या घरात पाहुणी म्हणून न राहिलेली बाई होती ती. डोंगरावरची खिडकी गेली की तिचं काय उरणार होतं?

सोमवारी मोजणीबाई डबा न उघडताच नकाशापाशी गेली. डोंगराच्या कोपऱ्यात टाचणी होती. धागा नव्हता.

"साहेब, इथे काही राहिलंय का?"

आराखडेवाल्यांनी फाईल काढली. पोरगेलासा माणूस, पण बोलायला नम्र. "राहिलं नाही, बाई. तीन दिवसांची मोजणी आहे. शून्य, शून्य, शून्य. हा बघा, तुमच्याच हातचा कागद. म्हणून तर मी परत तपासला नाही."

अक्षर तिचंच होतं, गोल, ठसठशीत शून्यं. आणि एकदम तिला ते दिवस आठवले. उन्हाळा. रणरणत्या उन्हात एकटा खांब आणि खांबाशी छत्री धरून ती. तीस-पस्तीस पावलांवर उंच टाकीची गोल सावली पडली होती आणि तिच्यात माणसं बसली होती, उभी होती. सावली सरकली की सगळी न बोलता दोन पावलं सरकायची. जणू जमिनीवर एक मोठं घड्याळ पडलं होतं आणि ही माणसं त्याचा काटा होती. किती वेळ ती ते बघत राहिली होती! अधेमधे बस आली की ती माणसं उठून झपाझप यायची आणि चढायची. पाव तासाच्या ठोक्याला मात्र खांबापाशी कुणी नसायचं. नियम तो नियम. तिने त्या माणसांची स्वप्नं बघितली होती, कोण कुठे जात असेल ते ठरवलं होतं, आणि कागदावर शून्य लिहिलं होतं. त्या घोळक्यात पाठमोऱ्या, उन्हासाठी डोक्यावरून पदर ओढलेल्या वन्संही असतील, हे तिच्या ध्यानातही आलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी तिने रजा टाकली आणि पहिल्या बसने वर गेली. खांबाशी गेली नाही. सावलीत जाऊन बसली, सकाळी टाकीपलीकडच्या शाळेच्या भिंतीशी, दुपारी टाकीच्या खांबांमध्ये, कलत्या उन्हात दुसऱ्या अंगाला. सावलीबरोबर सरकत. अंगठा चालू होता. एका कागदावर तिने टाकी काढली, दर पाव तासाची सावली काढली आणि सावलीत टिंबं दिली. संध्याकाळी कागद बघितला तर टाकीभोवती टिंबांचा पंखा उलगडलेला. थांब्याच्या खांबाशी मात्र एकही नाही.

"हे काय आहे?" बुधवारी ऑफिसात आराखडेवाल्यांनी विचारलं.

"प्रवासी. सकाळच्या एका गाडीला एकतीस."

"पण बाई, नियमाप्रमाणे पाच पावलांच्या..."

"नियम मूर्ख आहे."

"नियम कुणी केला?"

"मी," ती म्हणाली. "म्हणून तर ठामपणे सांगतेय."

ते हसले नाहीत. टिंबांचा पंखा त्यांनी फाईलमधल्या शून्यांशेजारी ठेवला. मग हळूच म्हणाले, "म्हणजे बाकीच्या थांब्यांवरही..."

"जिथे जिथे शून्य आहे तिथे. झाड असेल, भिंत असेल, दुकानाचं छप्पर असेल. मला दोन महिने आहेत. चाळीस थांबे होतील. तुमची बैठक कधी?"

"शुक्रवारी. आता काही बदलत नाही म्हणून लिहून दिलंय मी."

"मग बदललं म्हणून लिहा. माझी चूक म्हणून लिहा, हवं तर. ती आहेच."

हे तिने सरळ सांगून टाकलं. पण खाली गेल्यावर ती जिन्याच्या पायरीवर जरा बसली. एकोणतीस वर्षांत किती शून्यं लिहिली, ते काही केल्या मोजता येईना.

शुक्रवारच्या बैठकीत धागा काही मिळाला नाही. एवढंच ठरलं की फेरमोजणी होईपर्यंत एकही गाडी बंद करायची नाही. आराखडेवाल्यांनी मोजणीच्या छापील तक्त्यात एक रकाना वाढवला: सावलीत. आणि कोपऱ्यातल्या टाचणीला त्यांनी लोकरीचं टोक नुसतं गुंडाळून ठेवलं, पुढे न ओढता.

निवृत्तीनंतरच्या पहिल्या आठवड्यात ती वन्संकडे राहायला गेली. परतीच्या सकाळी दोघी टाकीखाली येऊन उभ्या राहिल्या. वन्संच्या काखेत कुणाचातरी कोट.

"रिकामपणी कशा दिसता हो, वहिनी! अंगठा तरी आवरा."

"तुमच्या तक्रारी मोजतेय. अजून गाडी आली नाही तोवर सात."

खांबाशी एक तरुण मोजणीदार मुलगी उभी होती, नवी. तिने घड्याळ बघितलं, तक्ता बघितला, आणि मग खांब सोडून उन्हातून सरळ सावलीकडे चालत आली. एकेका माणसावर नजर टेकवत पुढे सरकली. टक्. टक्. वन्संवर टक्. मोजणीबाईवर टक्.

आपण कुठे जात असू, असं या मुलीने ठरवलं असेल? मोजणीबाई मुलीच्या चेहऱ्याकडे बघू लागली. मुलगी पुढे गेली होती. सावली किंचित सरकली, आणि सगळ्यांबरोबर मोजणीबाईही दोन पावलं सरकली.