कोणाच्या जागी?

जिन्यावरून पडले, गुडघा गेला आणि मी अर्धी खेळाडू झाले. जळगावला कॉलेजात असताना पहिला बेस माझा होता, आणि तिथून मला कोणी हलवलं नव्हतं. नवऱ्याच्या बदलीपायी कोलकात्यात येऊन बरीच वर्षं झाल्यावर बेहालातल्या एका क्लबात बायकांचा सॉफ्टबॉलचा संघ असल्याचं कळलं. चाळिशी उलटली होती तरी मी पुढच्याच रविवारी हजर झाले, आणि वर्षभर पुन्हा पहिल्या बेसवर उभी राहिले. मग तो जिना आडवा आला.

डॉक्टर म्हणाले, सरळ पळा, पण वाकणं आणि एकदम वळणं बंद. आमचे कोच शाळेतले निवृत्त पीटी शिक्षक. त्यांनी लगेच तोड काढली. "दीदी, आप सिर्फ मारिए," म्हणाले, आणि मला डीपी, म्हणजे डेझिग्नेटेड प्लेअर, करून टाकलं. म्हणजे मी फक्त बॅटिंग करायची. माझ्या बदल्यात मैदानात दहावी खेळाडू उभी राहणार, तिला फ्लेक्स म्हणतात. आमच्याकडे फ्लेक्स म्हणजे चौकातला वाढदिवसाचा बोर्ड, पण ते असो. ती दहावी म्हणजे डमडमहून मेट्रोने येणारी, कॉलेजातली एक सडपातळ मुलगी. मला काकीमा म्हणायची. आणि ती उभी राहायची कुठे, तर पहिल्या बेसवर.

घरी थट्टेला ऊत आला. "अगं, बरंय की," नवरा म्हणाला, "पंगतीत बसायचं, वाढायचं नाही." इथेच वाढलेल्या माझ्या लेकाने आपल्या मोडक्या मराठीत भर घातली, "आई, तू हाफ खेळते." मी हसले नाही. मला राग आला होता, आणि राग आला की मी कामाला लागते. रोज सकाळी गच्चीवर भिंतीला पाठ टेकवून गुडघ्याचे व्यायाम सुरू केले. खालच्या मजल्यावरच्या बाईंना वाटलं, मी कसलं तरी व्रत धरलंय. तसंच म्हणा ना.

थंडी सरेपर्यंत मी जमिनीवरचा चेंडू उचलण्याइतकी वाकू लागले. डॉक्टरांनी तपासून नाइलाजाने मान डोलावली. कोचना गाठून सांगितलं, मला फिल्डिंग करायची आहे. त्यांनी पुष्कळ आढेवेढे घेतले आणि शेवटी कबूल केलं की मोसमातल्या शेवटच्या सामन्याची शेवटची इनिंग मी पहिल्या बेसवर खेळायची. आमच्या संघात सगळे एकच धरून चालायचे, की डीपी मैदानात उतरली की फ्लेक्स बाहेर. मीही तेच धरून चालले होते.

पण सामन्याच्या आदल्या दिवशी, बालीगंजहून घरी येताना बसमध्ये बसल्या बसल्या मी मोबाईलवर नियम उघडले. डीपी कोणाच्याही जागी फिल्डिंगला जाऊ शकते. फ्लेक्सच्या जागी गेली तरच फ्लेक्स बाहेर. दुसऱ्या कोणाच्या जागी गेली, तर ती दुसरी नुसती बॅटिंग करत राहते आणि बाहेर कोणीच जात नाही. मी ते पुन्हा वाचलं आणि त्या नादात माझा स्टॉप गेला.

शेवटच्या इनिंगला आम्ही तीन धावांनी पुढे होतो. कोचनी मला खूण केली. मुलीला ठाऊक होतं. तिने हातातला ग्लोव्ह काढला आणि बाकाकडे चालू लागली. हट्ट माझा मैदानात उतरण्याचा होता, तिला उठवण्याचा नव्हता.

"ग्लोव्ह घाल," मी तिला म्हटलं आणि थेट अंपायरकडे गेले.

"किसकी जगह?" त्यांनी विचारलं.

"राइट फील्डर की."

राइट फील्डला खेळणारी आमची मैत्रीण उन्हाने लालबुंद झाली होती. ती खुशीने बाकावर जाऊन बसली. कोच धावत आले. दीदी, हे चालत नाही, म्हणाले. अंपायर शांतपणे म्हणाले, चालतं. तेव्हा कोचनी दुसरा मार्ग सुचवला, मग तुम्ही पहिला बेस घ्या, मुलगी राइट फील्डला जाईल. मुलीने माझ्याकडे पाहिलं. मोसमभर त्या बेसवर राबली होती ती.

"नाही," मी म्हटलं. "तो बेस तिचा आहे."

राइट फील्ड म्हणजे कॉलेजात आम्ही कच्च्या लिंबाला ढकलायचो ती जागा. तिथे जाऊन उभी राहिले. मागे वळून धावता येणार नव्हतं, म्हणून बरीच पुढे सरकून उभी राहिले. कोच डोक्याला हात लावून बसले.

तीनची आघाडी एकावर आली. दोघी बाद झाल्या होत्या, पण तिसऱ्या बेसवर त्यांची खेळाडू होती. ती होम प्लेटवर पोचली असती तर बरोबरी. त्यांच्या फलंदाजाने चेंडू दुसऱ्या बेसच्या बाजूने सणसणीत मारला, तो जमिनीवरून सरपटत थेट माझ्याकडे. मी वाकले. गुडघा असा दुखला की डोळ्यांत पाणी आलं. चेंडू ग्लोव्हमध्ये होता. फलंदाज अजून पहिल्या बेसवर पोचायची होती. मुलगी तिथे पाय टेकवून, अंग ताणून, हात माझ्याकडे पुढे करून तयार होती. मी सगळं बळ लावून फेकला.

अंपायरची मूठ वर गेली. पहिल्या बेसवर पोचण्याआधीच तिसरी बाद, म्हणून धाव रद्द, सामना आमचा. इतका आनंद मला जळगावातही कधी झाला नव्हता.

मला धड चालता येत नव्हतं, म्हणून तीच धावत माझ्याकडे आली आणि ग्लोव्ह काढून तळवा दाखवू लागली. लाल झाला होता.

"काकीमा, हाथ जल रहा है।"

"जलने दो," मी म्हटलं आणि तिच्या खांद्याचा आधार घेतला.