नानांच्या हॉलमधला फ्रेंच ऑपेरा

आमच्या रविवारच्या ग्रुपचे किस्से म्हणजे फ्रिजमधल्या वाट्या! एक काढायला जावं तर मागे आणखी तीन दिसतात. ऐकताना हसू येतं. घरी जाताना मात्र उगाच वाईट वाटत राहतं.

ग्रुप चौघांचा. गंगापूर रोडला आमच्या समोरच्या फ्लॅटमधले नाना, त्यांचे दिंडोरीचे बालमित्र बापू, गाण्याचे क्लास घेणाऱ्या शैलाताई आणि मी. कार्यक्रम एकच, फ्रेंच ऑपेरा ऐकायचा. म्हणजे अख्खं नाटक गाऊनच! फ्रेंच आमच्यापैकी कुणालाच येत नाही. यायचं ते नानांच्या बायकोला, सुमनकाकूंना. रिटायर झाल्यावर हौसेनं शिकल्या होत्या. त्या गेल्या आणि नानांनी त्यांची सीडी बाहेर काढली.

"तिला यात एवढं काय सापडायचं, ते मला कळलं पाहिजे," म्हणाले. "एकट्यानं ऐकवत नाही. तुम्ही या."

*

पहिल्या रविवारी मला वाटलं, बाई कुणाला तरी झापतेय. मोबाइलवर गोष्ट वाचली, तर ती प्रेमात पडली होती! गरीब मुलगी, बड्या घरचा मुलगा, घरच्यांचा विरोध, शेवटी ती आजारी पडून जाते.

"हात्तिच्या! हे तर आपल्याकडं घरोघरी हाय," बापू म्हणाले. "फक्त आपण गात नाय, डायरेक्ट भांडतो!"

*

शैलाताईंनी डोळे मिटून मांडीवर ताल धरला. "यमन वाटतोय... थांबा... छे, गेला! अहो, सम कुठाय याची?"

"मघाशीच गेली," बापू म्हणाले. "पेठ रोडनं!"

शैलाताईंनी बापूंकडे असं पाहिलं, की बापूंनी चहाचा कप तोंडाला लावला. पण पुढच्या वेळी त्या ताल न धरता नुसत्या ऐकत बसल्या. निघताना लिफ्टपाशी मला म्हणाल्या, "सुमनताईंनी कितीदा बोलावलं होतं गं हे ऐकायला! मी आपली म्हणायचे, आधी तुम्ही माझ्याकडे भजनाला या."

*

एकदा बापू मिसळ पार्सल घेऊन आले. नेमकं तेव्हाच नायक-नायिकेचं प्रेमाचं गाणं सुरू झालं आणि ती दोघं काही थांबेचनात. गाणं चालू असताना खायचं नाही, हा नानांचा नियम. तर्री गार, पाव वातड! शेवटी बापूंनी स्पीकरला हात जोडले. "आरे पोरांनो, लगीन करून टाका की! मिसळ गार झाली!"

आम्ही पोट धरून हसलो. नानाही हसले, आणि मग म्हणाले, "मी पण असंच बोलायचो. एकदा म्हटलं, बंद कर ते रडगाणं. तर तिनं हेडफोन आणला. मला काय बरं वाटलं होतं तेव्हा!"

मिसळ आम्ही तशीच गार खाल्ली.

*

बापू तरुणपणापासून संगीत नाटकांचे वेडे. गाणं आवडलं की ओरडायचं, ही जुनी सवय. एका रविवारी नायिकेनं आवाज असा काही वर नेला, की बापू सोफ्यावरून उठले आणि गरजले, "वन्स मोर!"

नाना भडकले. "अरे, सीडी आहे ती! तुझं ऐकून ती बाई काय परत येणारे?"

"सवय हाय रे, नाना," बापू ओशाळून बसले. "समोर असली म्हंजे गायची माणसं परत. आपण मागायचं फक्त."

*

शेवटचा प्रसंग आम्ही परवापर्यंत ऐकलाच नव्हता! नायिका अंथरुणाला खिळली, की नाना रिमोटनं बंद करायचे. "उरलेलं पुढच्या रविवारी." आणि पुढच्या रविवारी पुन्हा पहिल्यापासून! एकदा न राहवून मी कारण विचारलं.

नाना रिमोटच्या बटणांकडे बघत बोलले. "हेच चालू होतं. तिनं हेडफोन काढला, म्हणाली, पाच मिनिटं बसा ना माझ्याजवळ, एवढंच ऐका. माझी दिंडोरीला द्राक्षाची छाटणी होती. म्हटलं, नंतर. छाटणी काय, माझ्यावाचूनही झाली असती हो!"

*

परवाच्या रविवारी नानांनी आल्याआल्या रिमोट बापूंच्या हातात दिला. "मी मागितला तरी देऊ नको."

मला वाटलं होतं, शेवटी बाई घर डोक्यावर घेणार. कसलं काय! ती इतकं हळू गायली, की आम्ही चौघंही पुढे सरकून बसलो. एक ओळ तिनं अर्ध्यावर सोडली. मग वाद्यं थोडी वाजली आणि तीही थांबली.

शैलाताई पदरानं डोळे पुसत होत्या. बापू मान खाली घालून बसले होते, रिमोट मुठीत घट्ट धरून.

नाना उठून उभे राहिले. घसा साफ केला, आणि स्पीकरकडे बघून मोठ्यानं म्हणाले,

"वन्स मोर!"