मेणातली तुळजाबाई

जुन्या जालन्यातल्या आमच्या लॅबमध्ये दीनानाथकाका ब्लॉक कापायचे. ऑपरेशनमध्ये काढलेल्या गाठीचा तुकडा मेणाच्या ठोकळ्यात, म्हणजे ब्लॉकमध्ये, बसवायचा, कांद्याच्या पापुद्र्याहून पातळ काप काचेवर घ्यायचा आणि रंगवायचा, हे त्यांचं वीस वर्षांचं काम. मी तिथं रिपोर्ट टाइप करायचे. माणूस खवट, पण हातात कसब होतं.

२००२ साली डॉक्टरांनी एक नवी तपासणी सुरू केली. स्तनाच्या गाठीत एक प्रथिन बेसुमार वाढलेलं असलं, की पेशींभोवती तपकिरी कडी उमटायची. अशा बाईचा आजार लवकर पसरतो, परत परत येतो. रंग नीट लागतोय की नाही हे कळायला दर वेळी शेजारी एक खात्रीची काच ठेवावी लागे, तपकिरी होणारच अशी. ती वडीगोद्रीच्या तुळजाबाईची. बाई केव्हाच वारली होती. "चला तुळजाबाई, कामाला लागा," म्हणत काका तिचा काप काढायचे, आणि ती न चुकता तपकिरी व्हायची. अशी पाच वर्षं. मी हसायचे, पण तिचा ब्लॉक ठेवलेल्या खणाजवळ बसून डबा खाणं मला कधी जमलं नाही.

२००७च्या उन्हाळ्यात तिचा नवरा भुजंगराव आला. सोबत बत्तीस वर्षांची लेक, बेबीनंदा. तिच्या गाठीचा तुकडा आदल्याच दिवशी आमच्याकडं आला होता.

"साहेब, हिच्या मायच्या दहाव्याला कावळा शिवलाच न्हाई," भुजंगराव काकांना म्हणाले. "दर्भाचा कावळा करून उरकलं. तिचं काहीतरी इथं राह्यलंय. आता ती लेकीला वढून राह्यली. तेवढं द्या, गोदेत सोडतो."

मला हसू यायला हवं होतं. आलं नाही.

डॉक्टरांना विचारायच्या भानगडीत न पडता काका म्हणाले, "लेकीच्या तपासणीपुरता एक काप घेतो. मंग राहिलेली तुमची."

भुजंगराव रुमालात ब्लॉक बांधून तसेच शहागडला गेले. दुपारी त्यांनी तो नदीत सोडला, त्याच वेळी इकडं काका काचा रंगवत होते. तुळजाबाईच्या काचेवर तपकिरीचा ठिपकासुद्धा आला नाही. पाच वर्षांत पहिल्यांदा. लेकीचीही काच कोरी, खालच्या रंगाची नुसती निळी. काकांनी डोळे पुसून पुन्हा पाहिलं.

दुसऱ्या दिवशी भुजंगरावांनी ऐकलं आणि हात जोडले. "सोडलं तिनं लेकीला!" बेबीनंदा हसली. तो रिपोर्ट मला तिथल्या तिथं टाइप करून द्यावासा वाटला.

"मायची काच कोरी म्हंजे तपासणीच खोटी," काका म्हणाले. "रंगायचं औषध खराब असंल. परत करावं लागंल." मला त्यांचा संताप आला.

चार दिवसांनी नवं औषध आलं. खात्रीची काच दुसऱ्या एका बाईची लावली. ती तपकिरी झाली. बेबीनंदाची तिच्याहून गडद.

काकांनी ते स्वतःच सांगितलं. भुजंगराव बाकावर बसले.

"माय शेजारी व्हती तवर हिची काच कोरी व्हती," ते म्हणाले. "साहेब, मी तिला न्यायला न्हाई पाहिजे व्हतं का?"

 मी कीबोर्डवरचे हात काढून घेतले.

बेबीनंदानं बापाची बाही धरली.

"आबा, नदीला आता पाणी कमी हाय," ती हळूच म्हणाली. "जल्दी गेलो तर सापडंल का माय?"