कुत्र्यांचा डॉक्टर गल्लीत आला की

समोरचं कुटुंब ऑस्ट्रेलियाला निघालं, त्याच्या आदल्या दुपारी कुत्र्यांचा डॉक्टर स्कूटरवरून आला आणि त्यांच्या कुत्र्याला कायमचं झोपवणारी सुई देऊन गेला. एवढ्या लांब नेणं परवडायचं नाही, आणि मागे बेवारशी सोडणं त्यांना पाप वाटायचं. टॅक्सीत बसताना सगळी हमसून रडत होती. मी मात्र अशी चिडले होते! बाबा तर सरळ म्हणाले, "माणसं आहेत की कसाई!"

गल्लीतून इकडे ऑस्ट्रेलियात आलेल्यांनो, तुम्हाला आठवत असेलच. बडोद्याची ती प्रतापनगरमागची कौलारू घरं, सगळी रेल्वेतल्या अँग्लो-इंडियन ड्रायव्हर-गार्डांची. बाबाही गार्ड, म्हणून तुमच्यात आमचं एकच मराठी घर. पुढे पुढे ती स्कूटर वळणावर दिसली की आई तव्यावरची पोळी तशीच टाकून खिडकीत यायची. "आता कुणाचं गं?" महिन्याभरात एक दार कायमचं बंद व्हायचं. मग बिल्डरची माणसं टेप घेऊन फिरू लागली. बंद घरांच्या टोकाला पोरं खेळायला जाईनाशी झाली.

आई गेली, मी मेलबर्नला आले, बाबा बडोद्यातच हरणीच्या फ्लॅटमध्ये गेले. गल्लीत उरली डोरीन आंटी आणि तिचा कुत्रा टायगर. तिचा मुलगा इकडून बोलावून बोलावून थकला. "हम गया तो टायगर को कौन देखेगा, मॅन?" एवढंच तिचं पालुपद. शेजारचं घर पाडताना तिच्या छपराची कौलं खाली आली, तेव्हा बाबाच टायगरला हरणीला घेऊन गेले. म्हणून ती विमानात बसली. "आपल्या दारात तो डॉक्टर येणार नाही," बाबांनी मला फोनवर ठणकावलं. काय अभिमान वाटला होता मला!

आता गल्ली सपाट झालीये. टायगरला खाली नेताना बाबा परवा जिन्यात पडले, दुसऱ्यांदा. गेल्या आठवड्यात त्यांचा व्हिसा आला. घर कुठलं विचारलं की मी अजून बडोदंच सांगते. बाबा इकडे आले की तेही खोटं ठरेल. तरी मी आनंदाने फोन केला. सोसायटीत सगळीकडे विचारून झालं म्हणाले, म्हाताऱ्या कुत्र्याला कोण घेणार?

"पोरी, डॉक्टरला मी फोन करू, की तू करतेस?"

तिकडे अजून रोज सकाळी एका हाताने कठडा धरून बाबा टायगरला खाली उतरवतात.