बाळूच्या टाचेवरचा डाग

पुतणीचा फोन आला तेव्हा मी वटारच्या वाडीत केळीचं लोंगर कापत होतो. "काका, बाबा गेले." कोयता तसाच केळीत राहिला... धाकटा भाऊ बाळू गेला त्याला महिना होऊन गेला, पण माझा पाय अजून घरात ठरत नाही. बसलो की उठतो, उठलो की कशाला उठलो ते आठवत नाही.

आम्ही केळीवाले. चिकाने हातपाय काळे, सदरे काळे. म्हणून बाळूच्या टाचेवर काळा ठिपका उठला तेव्हा त्याने लिंबू चोळलं, रॉकेल चोळलं. ठिपका पसरला, कडा फाटक्या झाल्या, कुठे काळा, कुठे तपकिरी. मुंबईच्या डॉक्टरांनी तुकडा काढून तपासला तोवर कॅन्सर जांघेतल्या गाठीत गेला होता. चीक कातडीवर बसतो, काही दिवसांत निघून जातो; हा आतून उगवलाय, असं त्यांनी सांगितलं.

तेव्हापासून बाळूने ओटीवर बसून येणाऱ्याजाणाऱ्याचे तळवे बघायचा सपाटाच लावला. पूजेला आलेल्या भटजींनाही सोडलं नाही. "भटजी, पाया नंतर पडतो, आधी तळवा दाखवा!" असा डाग तोंडातही उठतो हे त्याला मुंबईला कळलं होतं, म्हणून कुणाला म्हणे, "आ कर." हिरड्या दोन्हीकडे लहानपणापासून काळ्या असल्या तर हसून सोडायचा, टाळूवर नवा एकच डाग दिसला की डॉक्टरकडे पिटाळायचा.

मी मात्र दाखवत नव्हतो. थोरल्याने धाकट्यापुढे तळवा वर करायचा? शेवटच्या भेटीत म्हणाला, "दादा, जन्मभर तुझ्या पाया पडलो, खालून कधी बघितलेच नाहीत." तेव्हा टेकवला पाय त्याच्या खाटेवर. चवड्यावर अंगठा दाबून तो बघत राहिला...

"हा कधीपासून?"

"चीक आहे रे."

"माझाही चीकच होता, दादा."

दिवसकार्य झालं. नवा चीक लागू नये म्हणून मी वाडीत जायचं सोडलं, रोज पाय घासला. डाग जाईलच, असा हट्ट होता. गेला नाही. काल माणिकपूरच्या दवाखान्यात गेलो. डॉक्टरीण माझ्या नातीच्या वयाची. भिंगातून बघितलं, तुकडा काढावा लागेल म्हणाली.

"आजोबा, हा पहिल्यांदा कोणी बघितला?"

"भावाने."

"बरं झालं. पुढच्या वेळी त्यांनाच सोबत आणा."

मी पाय तसाच वर धरून बसलो.