तुराटी हलली नाही

डी.एड.च्या दुसऱ्या वर्षी मला नाव नव्हतं, सत्तावीस नंबर होता. हजेरीत सत्तावीस, पाठ टाचणाच्या वहीवर सत्तावीस. सराव पाठ घ्यायला ज्या शाळेत जायचो तिथली पोरंसुद्धा 'सत्तावीस नंबरच्या बाई आल्या' म्हणून ओरडायची. त्यांचा तरी काय दोष? दर वर्षी आमच्यासारख्या चाळीस जणी त्यांच्या वर्गात येणार, गुंडाळ फळा टांगणार, पस्तीस मिनिटं शिकवणार आणि चालत्या होणार. इतक्या जणींची नावं कोण लक्षात ठेवत बसतं?

कॉलेज आर्वीच्या बाजूला आणि आमचं घर गिरडजवळ, म्हणजे जिल्ह्याच्या पार दोन टोकांना. घरी जायचं तर चार बस बदलाव्या लागत, त्यामुळे दिवाळीशिवाय जाणं होत नसे. खोली शोधायला गेले तेव्हा दोन घरांनी आधी आडनाव विचारलं आणि मग खोली कालच गेली म्हणून सांगितलं. तिसऱ्या घरच्या बाईंनी दिली, पण आपल्या माठाला हात लावायचा नाही, हे पहिल्याच दिवशी बजावलं. वर टिनं, खाली फरशी आणि एक खिडकी, तीही गोठ्याकडे उघडणारी. वर्गातल्या मुली आपापल्या गावच्या मुलींबरोबर डबा खायच्या. आमच्या भागातली मी एकटीच होते. मीही काही कमी ताठ नव्हते. कुणी बोलावलं नाही तर आपण कशाला जायचं, असं म्हणून मी व्हरांड्याच्या टोकाला बसून खायची. दोन वर्षं मी असंच खाल्लं आणि ते मला फार लागलं. आता वय झाल्यावर कबूल करायला काय हरकत आहे?

वडलांचं म्हणणं सरळ होतं. मार्क चांगले पडले, जिल्हा परिषदेच्या यादीत नाव लागलं, तर नोकरी कर. नाही तर वैशाखात लग्न. मुलगा पाहून ठेवलेला होता. माणूस वाईट नसेलही, पण मला शिकवायचं होतं. त्यातही विज्ञान. शाळेत आम्ही विज्ञान म्हणजे नुसत्या आकृत्या काढल्या होत्या. इथे आमच्या विज्ञानाच्या सरांनी पहिल्याच आठवड्यात प्रत्येकीच्या हातात एक सेल, एक छोटा बल्ब आणि वीतभर तार दिली आणि म्हणाले, लावा. एकोणिसाव्या वर्षी मी माझ्या हातानं पहिल्यांदा बल्ब लावला. तो लागला तेव्हा मला रडूच आलं. बाजूची हसली, मी तिच्याकडे डोळे वटारून पाहिलं. त्या दिवसापासून वाटायला लागलं की आपल्याला हेच करायचं आहे, पोरांच्या हातात वस्तू द्यायची आणि बाजूला उभं राहायचं.

पण पाठ टाचणाची वही काही बाजूला उभं राहू देत नसे. तिच्यात दोन रकाने. डावीकडे शिक्षकाची कृती, उजवीकडे विद्यार्थ्यांची. शिक्षकाने काय विचारायचं ते डावीकडे आणि मुलं काय उत्तर देणार ते उजवीकडे, आधीच लिहून तयार. 'विद्यार्थी उत्सुकतेने पाहतात' असंही लिहायचं असे. म्हणजे पोरांना कधी नवल वाटणार तेसुद्धा आदल्या दिवशी ठरलेलं. पोरं पण पक्की झालेली होती. मेणबत्तीवर ग्लास पालथा घालायच्या आधीच 'विझली, विझली' म्हणून मोकळी व्हायची. दरसालचे तेच प्रयोग, त्यांना सगळं पाठ होतं.

फक्त एक मुलगी तशी नव्हती. पाचवीत, खिडकीजवळ, किडकिडीत, वेण्यांना दोन रंगांच्या दोन रिबिनी. सगळा वर्ग ओरडून झाला की मग तिचा हात वर यायचा, कारण ती आधी पाहायची. लोहचुंबकाच्या पाठाला मी विचारलं, चुंबकाला काय काय चिकटतं? सगळ्यांनी एका सुरात सांगितलं, लोखंड. ही म्हणाली, बाई, सगळ्यात जास्त टोकाले चिकटते, मधात नाई चिकटत. ते मी अजून शिकवलंच नव्हतं. माझ्या अंगावर काटा आला. त्या दिवसापासून सुट्टी झाली की ती माझ्यासोबत बस थांब्यापर्यंत यायची. तिचं घर त्याच रस्त्यावर होतं. रस्ताभर तिचे प्रश्न. हवा सगळीकडे हाय तर आपल्याले दाबत काऊन नाई? मला उत्तर धड यायचं नाही. पाहून सांगते म्हणायची आणि रात्री पुस्तकं चाळायची. दिवसभरात माझ्याशी आपणहून बोलणारं माणूस ते एवढंच. दहा वर्षांची पोर.

वार्षिक पाठ मार्चमध्ये. बाहेरून परीक्षक येणार, शेवटच्या बाकावर बसणार, आणि त्या पस्तीस मिनिटांच्या मार्कांवर माझं पुढचं सगळं. मला विषय आला 'हवेला वजन असते'. प्रयोग असा, की एक हलकी काडी मधोमध दोऱ्याने टांगायची, दोन टोकांना सारखे फुगवलेले दोन फुगे बांधायचे, काडी आडवी सरळ ठेवायची आणि एक फुगा टाचणीनं फोडायचा. ज्या बाजूला भरलेला फुगा राहिला ती बाजू खाली जाते. ऐकायला सोपं वाटतं. करायला महा अवघड, कारण फुग्यातल्या हवेचं वजन ते किती! आमच्या पुढच्या वर्गातून पास झालेल्या एकीनं मला बाजूला घेऊन गुपित सांगितलं होतं. जो फुगा फोडायचा त्यात चिमूटभर मीठ घालून ठेव. फुगा फुटला की मीठ उडून जाते, कोणाले दिसत नाई, काडी झक्कास कलते. सगळ्या तसंच करतात म्हणे.

मी नाही केलं. पोरांना हवेचं वजन म्हणून सांगायचं आणि मिठाचं दाखवायचं, हे मला जमणार नव्हतं. केवढा ताठा होता मला त्या गोष्टीचा! काडीऐवजी मी तुराटी घेतली, तुरीची वाळलेली काडी. ब्लेडनं सोलून गुळगुळीत केली, मधोमध खाच पाडली. खोलीत दार लावून पंधरा दिवस पाठ म्हटला. दोन्ही रकाने मीच म्हणायची. 'काय दिसलं मुलांनो?' असं एका आवाजात, आणि उत्तर बारीक आवाजात. एकदा घरमालकीण बाईंनी दार वाजवलं. आत कोण आलं आहे, त्यांना पाहायचं होतं. आत कोणीच नव्हतं. त्यांनी खोलीभर नजर फिरवली आणि माझ्याकडे असं काही पाहिलं की मी दुसऱ्या दिवसापासून मनातल्या मनात म्हणायला लागले.

आदल्या दिवशी वर्गात रंगीत तालीम घेतली. सगळ्याच घ्यायच्या. तुराटी अगदी छान कलली. ती पोर खिडकीजवळून उठून पुढे आली आणि कितीतरी वेळ फुग्याकडे पाहत राहिली. त्या संध्याकाळी मी खोलीवर हरखून गेले होते. मग भीती वाटायला लागली, उद्या दोरा सरकला तर? म्हणून मी खाचेतला दोरा काढून पुन्हा बांधला. चांगला घट्ट, दोन गाठी मारून.

पाठाच्या दिवशी वारा नको म्हणून दारं-खिडक्या लावून घेतल्या. मार्चचं ऊन, साठ पोरं, नुसती भट्टी. परीक्षक म्हणजे साठीकडे झुकलेले एक शांत गृहस्थ, शेवटच्या बाकावर वही उघडून बसलेले. पाठ सुरेख चालला. प्रश्न विचारले, उत्तरं आली. मी तुराटी टांगली, सरळ झाली. टाचणी लावली. फुगा फुटला.

तुराटी हलली नाही.

मी वाट पाहिली. तिला हलकासा धक्का लागावा म्हणून मी चक्क श्वास सोडला. नाही. घट्ट दोऱ्यात ती ठाण मांडून बसली होती. दोन वर्षं, चार बस, वैशाख, सगळं माझ्या डोळ्यांपुढे उभं राहिलं. आणि तोंडातून सवयीनं प्रश्न निघून गेला, काय दिसलं मुलांनो?

"फुग्याची बाजू खाली गेली!" साठ पोरं एका सुरात.

परीक्षकांनी मान डोलावली आणि लिहायला खाली घातली. सुटले, असं मला वाटलं. तेवढ्यात खिडकीजवळचा हात वर आला. मी न पाहिल्यासारखं केलं. हात तसाच. परीक्षकांनी चष्म्यावरून पाहिलं आणि ती मुलगी काही म्हणते आहे, असं मला खुणावलं.

ती उभी राहिली. "बाई, तुराटी त जशीच्या तशी हाय."

त्या वेळी मी काय म्हणायला हवं होतं ते मला पक्कं ठाऊक होतं, तेव्हाही. तुझं बरोबर आहे म्हणायचं होतं. का हलली नाही ते आपण सगळे मिळून शोधू, या पुढे. दोरा सैल केला असता तर दोन मिनिटांत सापडलं असतं, आणि तो माझ्या आयुष्यातला सगळ्यात चांगला पाठ झाला असता.

मी म्हटलं, "नीट पाहा."

तिनं पाहिलं. तुराटीकडे नाही, माझ्याकडे पाहिलं. बराच वेळ. मग म्हणाली, "हो बाई. गेली खाली." आणि बसली.

पाठाला मला वर्गात सर्वांत जास्त मार्क पडले. परीक्षकांचा शेरा सरांनी सगळ्यांसमोर वाचून दाखवला. 'विद्यार्थिनीच्या निरीक्षणातील चूक कौशल्याने दुरुस्त केली.' मुलींनी टाळ्या वाजवल्या. जिच्याशी दोन वर्षांत धड बोलणं नव्हतं, तिनं डबा खायला बोलावलं. मी गेले नाही. पुढे यादीत नाव लागलं, वैशाख टळला, नोकरी लागली. दोन हजार सालानंतर तर मी इतरांना प्रयोग कसे घ्यायचे ते सांगायला प्रशिक्षणांना जात असे. तिथे मी सांगायची की प्रयोग फसला तर फसला म्हणा, पोरांना खरं ते बोलू द्या. सगळे वहीत उतरवून घ्यायचे. हे मी कुठून शिकले, असं कधी कुणी विचारलं नाही आणि मीही आपणहून सांगितलं नाही.

आज सांगते. पाठानंतर तिसऱ्या दिवशी शाळेतला आमचा शेवटचा दिवस होता. सुट्टीनंतर ती नेहमीसारखी बस थांब्यापर्यंत आली, पण प्रश्न एकही नाही. मलाच राहवेना. मी विचारलं, तुला खरंच खाली गेलेली दिसली होती का?

"नाई."

मग हो काऊन म्हटलं?

"तुमचे डोळे भरून आलते," ती म्हणाली. तिला वाटलं मी अजून घाबरलेलीच आहे. माझा हात धरून, मोठ्या माणसानं समजूत काढावी तशी म्हणाली, "मी कोनाले नाई सांगत, बाई."

सांग, असं मी म्हणू शकले असते. परत वर्गात चल, दोरा सोडून दाखवते, असंही म्हणू शकले असते. बस यायला अजून वीस मिनिटं होती. मी तिच्या डोक्यावरून हात फिरवला आणि म्हटलं, "गुणाची आहेस."